नामाच्या ताटातला पहिला घास

"माज्या आदी त्यो जावा, बाई. एक दिस आदी. मग म्या सुकानं डोळं मिटती."

हे वाक्य मी धाराशिव जिल्ह्यात इतक्या घरांत ऐकलं की पुढे पुढे ते सुरू झालं की मी चहाचा कप खाली ठेवून नुसती वाट बघत बसायचे. बोलणारी बहुतेक वेळा आई असायची, क्वचित बाप. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो मुलगा किंवा ती मुलगी तिथंच भिंतीला टेकून बसलेली असायची आणि आपल्या मरणाचा बेत शांतपणे ऐकत असायची. आईचं बोलून झालं की मी विचारायचे, "आणि देवाकडून तारीख चुकली तर?"

यावर पहिल्या भेटीत उत्तर येत नाही. काही घरांत दुसऱ्या भेटीत चहाही येत नाही.

माझं काम हेच होतं. धाराशिवला मतिमंद मुलांची एक शाळा चालवणाऱ्या छोट्या संस्थेत मी नोकरीला होते. मतिमंद हा शब्द आता वापरायचा नाही, बौद्धिक अक्षम म्हणायचं, असा आदेश मधल्या काळात आला. आम्ही पाटी रंगवून घेतली. मुलं शाळेतून मोठी होऊन बाहेर पडायची, आईबाप म्हातारे व्हायचे, आणि मग तो एकच प्रश्न घरात येऊन बसायचा. तुमच्यामागं याचं कोण बघणार? तो प्रश्न घरोघर जाऊन मोठ्यानं विचारायचा आणि माणसं हिंडतीफिरती आहेत तोवर त्याचं उत्तर लावून घ्यायचं, यासाठी मला पगार मिळत असे. संस्थेच्या लेखी मी 'कुटुंब समुपदेशक' होते. गावांत मला 'मराणाची बाई' म्हणत. अंगणात पाऊल टाकलं की सून आत वर्दी द्यायची, "आत्या, तुमची मराणाची बाई आली बगा." आवाज खाली आणायची तसदी कुणी घेत नसे.

बाहेरच्यांना वाटतं हे काम कागदांचं आहे. कागद असतातच. अपंगत्वाचा दाखला असतो, पेन्शन असते. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, त्यासाठी कलेक्टरसाहेबांच्या समितीपुढं अर्ज करावा लागतो. नळदुर्गला हायवेवर ढाबा चालवणारे एक गृहस्थ होते. ही माहिती ऐकून ते माझ्यावरच उखडले. "जलमल्यापासून मी सांबाळतोय, आन् आता कलेक्टर सांगणार व्हय मी तिचा कोन हाय ते?" मी म्हटलं, हो. त्यांच्या मुलीला उठता-बसता येत नव्हतं, हात वाकडे होते, पण डोकं बापापेक्षा तल्लख होतं. गृहस्थांनी सोय करून ठेवली होती. रस्त्याला लागून असलेला एक प्लॉट मुलीच्या नावावर केला होता. मी विचारलं, "चांगलं केलंत. पण सकाळी तिची वेणी कोण घालणार?" "प्लॉट तर न्हाय घालणार," असं ते शेवटी म्हणाले. मुलगी खाटेवरून खो खो हसली. त्या दिवसापासून त्यांच्याशी नीट बोलणं सुरू झालं.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे लग्न. लग्न लावून देऊ, बायको सांभाळंल. मी विचारायचे, "मुलीच्या बापाला काय सांगणार?" त्यावर, "त्येला कशाला सांगायचं?" हे लोक वाईट नसतात. थकलेले असतात. तरी मी तिथं भांडायचे आणि एसटीनं परत येताना सगळी वाट मनात भांडतच असायचे.

तर कागद सोपे असतात. अवघड असतं ते आईला बाजूला करणं. आई मेल्यावर घरातल्यांनी शिकायचं म्हटलं तर शिकवायला ती नसते. म्हणून मी 'सराव' काढला. आईनं हातीपायी धड असताना चार दिवस घरातून निघून जायचं आणि मागच्यांनी सगळं करून बघायचं. कुठं अडतं ते कळतं आणि विचारायला माणूस असतं. ऐकायला सोपं वाटतं. भूममधल्या एका वडिलांना मी असंच घरातून काढलं, तर ते गावातल्याच देवळाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पोरगं काय करतंय ते बघून यायला पाठवू लागले. संध्याकाळपर्यंत सगळं गाव माझ्या सरावात सामील झालं होतं.

रुक्मिणमावशी वाशी तालुक्यातल्या एका गावच्या. सत्तरी गाठलेली, अंगानं काटक, कपाळ मोकळं. त्यांना दोन मुलगे. धाकटा नामदेव, म्हणजे सगळ्यांचा नामा, चाळिशीच्या आसपासचा. लहानपणी आमच्या शाळेत थोडे दिवस काढलेला. मोजकं बोलायचा, पण जे बोलायचा ते स्पष्ट. रोज सकाळी गल्लीतल्या बायकांचे दळणाचे डबे गिरणीत न्यायचा आणि पीठ घरोघर पोचवायचा. कुठला डबा कुणाचा यात त्याची चूक झालेली कुणाला आठवत नव्हती. थोरला दत्ता. शेती, दोन म्हशी, आणि तोंडावर कायम आत्ताच कुणाशी तरी वाद घालून आल्यासारखा भाव. त्याची बायको सुरेखा. घर एक, चूल एक. फक्त नामा हे खातं मावशींचं. त्याला साधं पाणी द्यायलाही त्यांनी सुनेला कधी उठू दिलं नव्हतं.

दत्ता मला तोंडावर म्हणाला, "मॅडम, माय हाय तवर ठीक हाय. मायमागं सुरेखाकडनं ह्ये व्हायचं न्हाय, आन् माज्याकडनं तर मुळीच न्हाय. लातूरकडं एक वसतिगृह बगून आलोय. जागा बरी हाय."

मीही जाऊन बघून आले. जागा खरंच बरी होती. स्वच्छ हॉल, ओळीनं खाटा, वेळेवर जेवण. तिथं एकच नव्हतं. "नामा, एवढं दळण टाकून ये बाबा," असं म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणजे मावशींनंतर नामा एकतर या गल्लीत राहणार होता, नाहीतर लातूरकडच्या हॉलमध्ये भिंतीकडच्या खाटेवर. दत्ताचा निर्णय जवळजवळ झालेला होता. मी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की एकदा सराव होऊ दे, मग ठरव.

आता मावशींना घराबाहेर काढायचं कसं? "म्या कुटं जाऊ? मला काय धाड भरलीय?" विश्रांतीला जा म्हटलं तर त्यांना अपमान वाटला. अपंग लेकरू टाकून बाई चार दिवस आराम करायला गेली म्हटल्यावर गावानं काय बोललं असतं ते मलाही माहीत होतं. तेव्हा मी नागपंचमी धरली. आमच्याकडं पंचमीला बाई माहेरी का गेली असं कुणी विचारत नाही. गेली नाही तर विचारतात. आणि नामा झाल्यापासून मावशी एकाही पंचमीला माहेरी गेल्या नव्हत्या.

माहेर परंड्याकडं. भाऊ कधीच वारलेला, पण भाच्याचा फोन मिळाला. माहेराहून न्यायला येतो तो मुऱ्हाळी. हा मुऱ्हाळी स्वतः आजोबा झालेला होता, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा होता, आणि पंचमीच्या आदल्या दिवशी तो एसटीतून उतरून पिशवी सावरत गल्लीत आला. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. "रुक्मिणकाकूचा मुऱ्हाळी आला गं!" मावशींनी त्यांना चार शिव्या घातल्या आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

निघताना त्यांनी सुरेखाला सगळं सांगितलं. आंघोळीचं पाणी किती कढत, सदऱ्याची वरची गुंडी का लावायची नाही, ढग गरजले की त्याच्याजवळ जाऊन बसायचं. हे सगळं मीही त्यांच्याकडून आधीच काढून घेतलं होतं. एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती आपण करतो हे मावशींनाच माहीत नव्हतं.

त्या दुपारी नामा जेवला नाही. रात्रीही नाही. सुरेखाचा फोन आला आणि पंचमीच्या दिवशी सकाळची गाडी पकडून मी गेले. घरात चार माणसं आणि चार मतं होती. शेजारची म्हातारी म्हणत होती, "त्येला वाटतंय माय मेली." कुणी नजर काढायला सांगत होतं. दत्ता दारातच उभा होता. "झाला का सराव मॅडम? बोलवू का मायला?" त्याच्या आवाजात राग होता, आणि आपलं म्हणणं खरं ठरलं, असं समाधानही होतं. मावशी आज परत आल्या असत्या तर लातूरची खाट पक्की झाली असती.

मी सुरेखाला विचारलं, "चहा प्याला का?"

"प्याला की. बिस्किटं बी खाल्ली. पर ताट वाढलं की हात मांडीवर ठिवून बसत्यात. रडनं न्हाय, रुसनं न्हाय. ताटाकडं बगत नुस्तं बसायचं."

म्हणजे भूक होती, आईची आठवण असली तरी बिस्किटाच्या आड येत नव्हती. भानगड ताटाची होती. मी परंड्याला फोन लावला. मागं बायकांची गाणी चालली होती, झोक्याच्या कड्या वाजत होत्या.

"जेवला का?" मावशींनी आधी हेच विचारलं.

"नाही."

"न्हाईच जेवायचा," मावशी म्हणाल्या. आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या तळाशी थोडा आनंदही होता.

"मावशी, तुम्ही त्याला वाढता म्हणजे काय काय करता?"

"काय करती? वाढती. भाकरी, कालवण."

"ताट पुढं ठेवलं. मग?"

"मग काय? मग जेवतोय."

"लगेच जेवतो? तुम्ही काय करता तेव्हा?"

"काय न्हाय. तिकट झालंय का तेवडं बगती."

"कुठं बघता?"

"कुटं म्हंजे? त्येच्या ताटात. येक घास खाती आन् म्हनती, तिकट न्हाय, जेव."

"रोज?"

मागची गाणी तेवढी ऐकू येत होती. मग मावशी म्हणाल्या, "व्हय की वं बाई."

नामा अन्नत्याग करत नव्हता. कुणीतरी आपल्या ताटातला एक घास खाऊन जेवायची परवानगी देईल म्हणून तो कालपासून थांबला होता. एवढ्या शिस्तीनं थांबणारा माणूस मी कुठल्या कचेरीतही पाहिलेला नाही.

रोग कळला, पण औषध घ्यायला कुणी तयार होईना. सुरेखानं पदर तोंडाला लावला. "मी कशी खाऊ? ताट उष्टं व्हईल. दिराला भावजयीचं उष्टं द्यायचं व्हय? गाव काय म्हनंल?" शेजारच्या म्हातारीनं मान हलवून या मुद्द्याला पाठिंबा दिला. मग सुरेखानं पातेल्यातून चव घेतली, नामाला दाखवून घेतली, आणि वाढलं. नामाचा हात मांडीवरच. पातेलं त्याला मान्य नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घास खाल्ला असता तर तो त्या वेळी जेवला असता, आणि मी धाराशिवला गेल्यावर पुन्हा हात मांडीवर ठेवून बसला असता. म्हणून मी दत्ताकडं बघायला लागले.

"मी?" दत्ता म्हणाला. "ह्ये काय नाटक लावलंय?"

नामा ताटाकडं बघत होता. दत्ता दारातून आत आला, भावापुढं उकिडवा बसला आणि ताटातला तुकडा मोडून तोंडात टाकला. पंचमीला आमच्याकडं तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत. पुरण भरलेली उकडलेली दिंडं करतात. ताटात तीच होती, तुपासकट. नामा अजून थांबलेलाच.

"बोला," मी म्हटलं.

"काय बोलू? गोड हाय ह्ये."

"तरी बोला."

दत्तानं बाहेर कुणी ऐकत नाही ना ते बघून घेतलं. मग तोंडातला घास गिळून म्हणाला, "तिकट न्हाय. जेव."

नामाचा हात मांडीवरून उठला. ताट रिकामं करून त्यानं पुन्हा पुढं केलं. वाढलेल्या दिंडाला दत्तानं परत तेच केलं. सुरेखा आत जाऊन रडली. मलाही रडू आलं होतं, पण एसटीची वेळ झाली होती.

मावशी ठरल्यापेक्षा आधीच, मुऱ्हाळ्याला न घेता, एकट्याच परतल्या. त्या दिवशी मीही तिथं होते. मावशी उंबऱ्यात आल्या तेव्हा दत्ताचा हात नामाच्या ताटात होता. नामानं वर बघितलं, "माय आली," असं जाहीर केलं आणि तो पुढचा घास घ्यायला लागला. मावशींनी पिशवी खाली ठेवली. दत्ताला म्हणाल्या, "नीट मांडी घालून तरी बस रं. उकिडवा बसून खातो व्हय लेकराच्या ताटात?" मग परसात जाऊन बसल्या. मी गेले तर माझ्याकडं बघितलं नाही.

"बाई, तुमी म्हनला व्हता, चार दिस मेल्यावानी करा. म्या तर खरंच मेले की. आता माजं काय काम हाय?"

माझं काम नीट झालं की प्रत्येक आई मला हा प्रश्न विचारते. आम्ही आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला जातो आणि उतरवल्यावर कळतं की ती त्याच्याच आधारानं उभी होती. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. म्हटलं, "पुढच्या पंचमीला जास्त दिवस जा." मावशींनी माझ्याकडं असं बघितलं की मी उठून हातपाय धुवायला गेले.

पण पुढच्या पंचमीला त्या गेल्या. त्याच्या पुढच्या पंचमीला मुऱ्हाळी यायला उशीर झाला म्हणून त्यांनी स्वतः फोन करून त्याला झापलं. झोक्यावर बसल्या असं भाच्यानं मला सांगितलं, मावशींनी ते कधीच कबूल केलं नाही. लातूरचं नाव दत्तानं पुन्हा काढलं नाही. पालक म्हणून अर्जावर सही करताना मात्र त्याच्या तोंडावर तो वादाचा भाव होताच.

सगळीकडं असं झालं नाही. कित्येक घरांत सराव झाला नाही, कित्येक घरांत झाला आणि फसला. काही ठिकाणी मी पोचले तेव्हा आई गेलेली होती आणि तिच्या लेकराला कसं जेवू घालायचं हे सांगणारं कुणीच उरलं नव्हतं. त्या लेकरांची तोंडं मला आठवतात. त्यांच्याबद्दल विनोदानं लिहिता येत नाही, म्हणून इथं लिहीत नाही.

मी निवृत्त झाल्यावर, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा, सुरेखाचा फोन आला. मावशी झोपेतच गेल्या होत्या. देवानं तारीख चुकवली होती, नेहमीप्रमाणं.

मी पोचले तोवर माणसं स्मशानातून परतली होती. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. भाऊबंद भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच जेवायला बसवतात. त्याला कडू घास म्हणतात. पुरुष ओळीनं बसले होते. दत्ता आणि नामा शेजारी शेजारी. पुढं ताटं आली. सगळ्या बायका दाराआडून नामाकडं बघत होत्या, आणि मीही. सवय जात नाही. आता हा माय माय करणार, की ताटाकडं बघत बसणार?

पण हात मांडीवर ठेवून बसला होता तो दत्ता. मान खाली, ताटाला बोट लावलेलं नाही. भाऊबंदांनी दोनदा-तीनदा म्हटलं, "दत्ता, येक घास तरी घे." दत्ता हलला नाही. ज्याच्या तोंडावर मी वादाशिवाय काही पाहिलं नव्हतं त्याच्या तोंडावर त्या दिवशी काहीच नव्हतं.

नामानं आपल्या ताटाकडं बघितलं, मग भावाच्या ताटाकडं. मग हात लांब करून त्यानं दत्ताच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून तोंडात टाकला, नीट चावून गिळला आणि म्हणाला, "तिकट न्हाय. जेव."

दत्ता हमसून हमसून रडला आणि जेवला. रडत रडतच त्यानं नामाच्या ताटातला घास खाल्ला, तसंच म्हणाला, आणि मग नामा जेवला.

बायकांच्या पंगतीत त्यातलंच पिठलं माझ्याही ताटात पडलं. चांगलंच तिखट होतं.